हजारात तीन

हजार पुस्तकांमागे तीन हरवली तर आमच्या ग्रंथालयात कुणी कुणाला जाब विचारत नाही. दर दोन वर्षांनी पुस्तकांची मोजदाद होते, न सापडलेल्यांपुढे 'गहाळ' असा शिक्का बसतो आणि आकडा हजारी तिनाच्या आत असला की प्राचार्य सही करून मोकळे होतात. हा नियम चांगला की वाईट यात मी पडत नाही. माझं काम पुस्तकांना नंबर देण्याचं आणि त्यांच्या नोंदी ठेवण्याचं. पण खालच्या मामांचा एकतीस वर्षांचा कारभार या हजारातल्या तिनावर उभा होता, म्हणून तिथून सुरुवात केली.

'खालचे मामा' हे नाव पोरांनी ठेवलेलं. मामा आमच्याकडे देवघेवीच्या काउंटरवर परिचर. उंची बेताची, त्यामुळे काउंटरपलीकडून त्यांचं डोकं आणि शर्टाची वरची दोन बटणंच काय ती दिसायची. काउंटर जुना, लाकडी, कोपर टेकून टेकून कडेला गुळगुळीत झालेला. त्याच्या आतल्या बाजूला गुडघ्याच्या उंचीवर एक फळी, आणि त्या फळीला मामांनी दोरी बांधून हिरवा पडदा लावलेला. या पडद्यामागे काय आहे हे पोरांना नक्की ठाऊक नव्हतं. काहीतरी आहे एवढं ठाऊक होतं. रॅकवर पुस्तक मिळालं नाही की पोरं काउंटरवर येऊन हळूच विचारायची, "मामा, खालचं आहे का?"

मामा लगेच हो किंवा नाही म्हणत नसत. आधी तीन प्रश्न विचारत. कॉलेजात पोचायला किती वेळ लागतो? घरात आणखी कोण शिकतं? घरी टेबल आहे का? हे विचारताना ते उत्तरापेक्षा चेहऱ्याकडे जास्त बघत. मग कधी म्हणत, "आज काही नाही." कधी पडदा हलायचा आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक वर यायचं. "उद्या दहाच्या आत." चिठ्ठी नाही, सही नाही. एवढ्या वर्षांत एकही पुस्तक परत आलं नाही असं झालं नाही, हे मामा अभिमानाने सांगत, आणि ते खरं होतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आठ वाजता ग्रंथालय उघडतं आणि सव्वाआठला वसतिगृहातली पोरं रॅक धुऊन नेतात. ती जवळ राहतात, त्यांचे पाय तरुण आहेत, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण जी दोन गाड्या बदलून अकराला पोचते तिने काय रिकाम्या फळ्या वाचायच्या? म्हणून थोड्या प्रती आधीच बाजूला काढायच्या. आणि बाजूला काढलेली प्रत नोंदीत राहिली तर कुणीतरी तिच्यासाठी नंबर लावणार, म्हणजे पुन्हा तीच पळापळ. तेव्हा ती नोंदीतूनच घालवायची.

मोजदादीला मामा रॅकपुढे उभे राहून नंबर वाचत आणि मी वहीत खुणा करत असे. पडद्यामागच्या प्रतीचा नंबर आला की ते "नाही" म्हणत, ज्या आवाजात बाकीच्यांना "आहे" म्हणत त्याच आवाजात. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, यांच्या मनात कसलाच उजेड-अंधार नव्हता. तिसऱ्या मोजदादीपासून मला कळायला लागलं होतं. मी गप्प राहिले. का, ते मला आजही धड सांगता येणार नाही. हजारी तिनाच्या वर ते कधी गेले नाहीत, हे एक कारण होतं.

आता त्यांच्या मुलीचं सांगायला हवं.

मामांची मुलगी आमच्याच कॉलेजात शिकत होती. अकरा वर्षं झाली त्याला. हुशार होती, पण संख्याशास्त्राने तिला घाम फोडला होता. त्या विषयाचं एकच पुस्तक चालतं. ते छापणं कधीच बंद झालं आहे, बाजारात मिळत नाही, आणि शिकवणारे प्राध्यापक ते बदलायला तयार नाहीत. निळ्या पाठीचं, जाडजूड. परीक्षेआधी तिने रांगेत नंबर लावला, तो आला नववा. मग एके दिवशी दुपारी ती काउंटरवर आली. आसपास कुणी नव्हतं, फक्त मी माझ्या टेबलावर.

"बाबा, निळं पुस्तक खाली आहे का?"

मामांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. विचारण्यासारखं काय होतं? घरी टेबल होतं हे त्यांना माहीतच होतं, त्यांनीच आणलेलं. "आज काही नाही," ते म्हणाले.

ती गेली. माझ्या जागेवरून काउंटरची आतली बाजू दिसते. पडद्याच्या कडेला निळी पाठ मला स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक धुलाईच्या दुकानात दुपारपाळी करणाऱ्या एका मुलीच्या पिशवीत गेलं.

"मामा, पोटच्या पोरीला नाही म्हणालात?" मी न राहवून विचारलं.

"तिला रांग आहे, ताई. शिवाय तिला मी आहे. या मुलीला कोण आहे?"

मामांची मुलगी त्या पेपरात सहा गुणांनी गेली. वर्ष वाया गेलं. मैत्रिणी पुढे गेल्या, हिने कॉलेजच सोडलं आणि लांबच्या शहरात चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. तिथे ती चांगली वर चढली, आज तिच्या हाताखाली बारा माणसं आहेत. पण त्या वर्षानंतर ती घरी आली की पाहुण्यासारखी येते, दोन दिवस, बॅग न सोडता. मामांनी तिला खरं कधीच सांगितलं नाही. पुस्तक खाली नव्हतं, एवढंच तिला माहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मला वाटायचं, आणि त्या दिव्याच्या उजेडात पास झालेली पोरं वर्षानुवर्षं पेन, डायऱ्या घेऊन मामांना भेटायला यायची. मामा त्यांना ओळखत. "तू पिवळी पिशवी आणायचीस," म्हणत. एकही चेहरा ते विसरले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नव्या ग्रंथपाल मॅडम आल्या. वयाने मामांच्या मुलीएवढ्या. आल्या आल्या त्यांनी तळमजल्यावरची जुन्या फायलींची खोली रिकामी करून घेतली आणि तिथे माध्यम कक्ष उघडला. व्याख्यानांच्या जुन्या कॅसेट, प्रयोगांच्या तबकड्या, सगळं संगणकावर चढवलं. सहा हेडफोन आले. ते पुसून ठेवायचं काम मामांकडे गेलं आणि मामांनी ते इतकं मनावर घेतलं की पोरं म्हणायची, मामा आमचे कानही पुसतील.

मग आलं घरबसल्या पुस्तक. नियम असा की आपल्याकडे कागदी प्रती जेवढ्या, तेवढ्याच वाचकांना एका वेळी फोनच्या पडद्यावर पुस्तक उघडता येईल. कागदी प्रत तेवढा काळ कुलपात. मुदत संपली की वाचकाच्या फोनवरून पुस्तक आपोआप जातं आणि रांगेतल्या पुढच्याकडे येतं. दंड नाही, हेलपाटा नाही, सव्वाआठची पळापळ नाही. दोन गाड्या बदलणारी आणि वसतिगृहातला, दोघं सारखेच. मला हे आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ग्रंथालयाने कुणाच्या पायांकडे पाहिलं नव्हतं.

पुस्तकांची छायाचित्रं घ्यायला एक यंत्र आलं. दोन दिवे, मध्ये पुस्तक ठेवायची खोबण, पायाशी दाबायचं बटण. पानं उलटायला मामा बसले. निळ्या पुस्तकाच्या एकशे त्रेचाळिसाव्या पानावर त्यांचा अंगठा आला, नखासकट. मॅडम म्हणाल्या, पुन्हा काढा. तोवर प्रत कुलपात गेली होती आणि पोरांनी अंगठा पाहून घेतला होता. त्या पानाला सगळे 'मामांचं पान' म्हणायला लागले, तेव्हा मॅडमनीही नाद सोडला.

सुरुवातीला मुदत सात दिवसांची होती. ती दोन दिवसांवर आणली मामांनी. बैठकीत परिचराला कुणी विचारत नाही, पण हे पाण्याचे ग्लास ठेवायला गेले आणि बोलून बसले. "मॅडम, पोरं पुस्तक सात दिवस ठेवतात, पण वाचतात दोनच दिवस. पहिला आणि शेवटचा. मधले पाच दिवस ते उशाशी असतं."

मॅडमनी ते लिहून घेतलं. परीक्षेच्या महिन्यात मुदत दोन दिवस झाली आणि वाचून झालं असल्यास पुस्तक सोडा, अशी आठवणही फोनवर जायला लागली. रांग तिप्पट वेगाने सरकू लागली. मामा आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होते.

फक्त एक झालं. काउंटरवर येणं बंद झालं. आता पोरं घरून नंबर लावत आणि घरून वाचत. मामा स्टुलावर बसून असत. विचारायला तीन प्रश्न होते, उत्तर द्यायला कुणी नव्हतं. आणि हिरव्या पडद्यामागे तेवीस पुस्तकं होती, कागदोपत्री गहाळ, त्यामुळे संगणकाच्या हिशोबातही नसलेली. त्यातली पाच निळी. वर पोरं निळ्या पुस्तकासाठी चाळीस-चाळीसच्या रांगेत, आणि खाली त्याच पुस्तकावर धूळ. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी हे मामांना एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "निवृत्तीपर्यंत राहू दे. कुणीतरी येईल."

कुणी आलं नाही. फोन मात्र आला.

बुधवारी सकाळची गोष्ट. मामांच्या निवृत्तीला दहा दिवस राहिले होते. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सभागृहात कार्यक्रम ठरला होता. निष्कलंक सेवेचं प्रमाणपत्र प्राचार्य स्वतः वाचून दाखवणार आणि घरची माणसं पहिल्या रांगेत बसणार. परिचराला हे प्रमाणपत्र मिळण्याची आमच्याकडे ही पहिलीच वेळ. मुलीने चार दिवसांची रजा काढली होती. चार दिवस! मामांनी ते मला तीनदा सांगितलं होतं.

काउंटरवरचा फोन जुना आहे, पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येतं.

"ग्रंथालय का? सर, एक विचारायचं होतं."

'सर' ऐकून मामांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे मीच होते. "विचार."

"संख्याशास्त्राच्या पुस्तकासाठी माझा नंबर अडतीस दाखवतोय. कधीपर्यंत मिळेल?"

"परीक्षा कधी?"

"सोमवारी. येत्या नाही, त्याच्या पुढच्या."

मामांनी स्टूल पुढे ओढलं. "कॉलेजात पोचायला किती वेळ लागतो तुला?"

"मी बाहेरून परीक्षेला बसतेय, सर. मी येत नाही तिकडे. आले तर सहा तास लागतील."

"घरात आणखी कोण शिकतं?"

"कुणी नाही." मागे लहान मूल रडायला लागलं. "सर, बाळ बावीस दिवसांचं आहे. हा पेपर माझा मागच्या वेळी राहिला. आता राहिला तर नोकरीतली परीक्षेची सवलत संपते."

मामा फोनकडे बघत राहिले. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाले, "घरी टेबल आहे का?"

"काय?"

"काही नाही. हे बघ, तू इथे आलीस तर मी काहीतरी बघतो."

"येता आलं असतं तर फोन कशाला केला असता, सर?" ती म्हणाली. रागाने नाही, थकून. आणि बाळासाठी तिने फोन ठेवला.

मामांनी माझ्या टेबलावरचं एक जुनं नोंदपत्रक घेतलं आणि पाठकोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. नोंदीतल्या तीन प्रती, दोन-दोन दिवस, अडतिसावा नंबर: चोवीस-पंचवीस दिवस. त्याखाली रेघ मारून दुसरा. खालच्या पाच धरून आठ प्रती, दोन-दोन दिवस: आठ-नऊ दिवस. परीक्षा बाराव्या दिवशी.

मला काय ते कळलं. "मामा," मी म्हटलं, "दहा दिवस राहिलेत. सुखाने घरी जा. मग मी सांगते, रॅकमागे सापडल्या म्हणून."

"दहा दिवसांनी सापडल्या तर काय लोणचं घालायचं त्यांचं?"

"मग आज सापडल्या म्हणू. मी लिहिते. कुणी विचारणार नाही."

"सापडायला आधी हरवाव्या लागतात, ताई."

हा माणूस एकतीस वर्षं मोजदादीत बिनदिक्कत खोटं बोलला आणि आता त्याला एका शब्दाचं सोवळं सुचत होतं. मी चिडले. चिडून जे बोलायचं नव्हतं ते बोलले. "आणि मुलगी? पुन्हा नोंदीत आलेल्या पुस्तकांची यादी फलकावर लागते, दहा दिवस. प्रत्येकापुढे गहाळ दाखवल्याचं साल असतं. यातली दोन निळी तिच्या वर्षाच्या आधीची आहेत."

"माहीत आहे."

"ती वाचेल."

"वाचेल. लहानपणापासून दिसेल ते वाचते ती. गोळ्यांच्या पाकिटावरचंसुद्धा." त्यांनी पडद्याची दोरी एका बाजूने सैल झाली होती ती घट्ट बांधली.

गुरुवारी सकाळी मॅडम आल्या तेव्हा काउंटरवर तेवीस पुस्तकं ओळीने रचलेली होती. पडदा काढून घडी करून बाजूला ठेवलेला. मामांनी सगळं सांगितलं, मोजदादीचंही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं, असं मी स्वतःला सांगते.

मॅडमनी एक निळं पुस्तक उचललं, उघडलं, मिटलं. "मामा, हे मला लेखी घ्यावं लागेल."

"घ्या."

"तुम्ही दहा दिवस थांबला असतात, तर हा प्रश्नच आला नसता."

"परीक्षा सोमवारी आहे," मामा म्हणाले.

मॅडमना त्याचा अर्थ लागला नाही, आणि मामांनी तो लावून दिला नाही. मॅडमनी विचारपत्र दिलं. प्रश्न तीन होते. प्रती कुठे होत्या? कुणाच्या परवानगीने? कुणाकुणाला दिल्या? मामांनी खाली लिहिलं: काउंटरखाली. कुणाच्याही नाही. आठवत नाही. तिसरं उत्तर खोटं होतं, पण ते किती खोटं होतं हे फक्त मला ठाऊक होतं.

पुस्तकं त्याच दिवशी कुलपात गेली. शुक्रवारी सकाळी मी यादी टाइप करून फलकावर लावली आणि दुपारपर्यंत निळ्या पुस्तकाच्या रांगेतले पहिले पाच आत गेले. पोरांत चर्चा झाली. काहींनी मामांची बाजू घेतली. काहीजण म्हणाले, आम्ही नंबर लावून बसत होतो आणि हे चेहरे बघून पुस्तकं वाटत होते. तेही काही चूक म्हणत नव्हते. मंगळवारी प्राचार्यांचा कागद आला. बाकी कारवाई नाही, प्रमाणपत्र नाही, कार्यक्रम रद्द.

मामांनी मुलीला आपल्या मोबाइलवरून फोन केला तो माझ्यासमोरच. "कार्यक्रम नाहीये. पण तू ये." का ते तिने विचारलं असावं, कारण मामा म्हणाले, "आल्यावर बोलू."

त्या आठवड्यात ते रोज एकदा माझ्या टेबलाशी येत. "कितवा चाललाय?" मी संगणकात बघून सांगे. सतरा. चोवीस. एकतीस. ऐकून ते परत हेडफोन पुसायला जात.

शनिवारी मुलगी आली. बॅग हातातच. मामा आत मॅडमकडे कुलपाची किल्ली द्यायला गेले होते, म्हणून ती जिन्याच्या तोंडाशी फलकापुढे उभी राहिली. मी माझ्या जागेवरून बघत होते. तिने आधी माध्यम कक्षाच्या वेळा वाचल्या. मग हेडफोन वापरण्याच्या सूचना, पाचही. मग यादी. वरून खाली येत तिचं बोट एका ओळीवर थांबलं, मग तसंच आडवं सरकत सालाच्या रकान्यापर्यंत गेलं. तिने बॅग खाली ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

मामा आले. हातात डबा आणि घडी केलेला हिरवा पडदा.

"हे होतं?" तिने विचारलं.

"होतं."

"मी मागितलं त्या दिवशी?"

"हो."

आवाज कुणाचाच चढला नाही. मी उठून निघून जायला हवं होतं, पण तिथून जायला जिन्याशिवाय वाट नाही आणि जिन्याशी ते दोघं उभे होते.

"माझा नंबर कितवा होता, आठवतंय?"

"नववा."

"पुस्तक मला कधी मिळालं?"

"परीक्षेनंतर चौथ्या दिवशी. तू ते त्याच दिवशी परत केलंस. कव्हरसुद्धा उघडलं नव्हतंस."

तिने मान हलवली. "कुणाला दिलं होतं?"

मामांनी विचारपत्राला दिलेलं उत्तर तिला दिलं नाही. "एक मुलगी होती. दुपारी काम करायची. घरी टेबल नव्हतं."

"पास झाली?"

"झाली."

"बरं झालं," ती म्हणाली. ते तिने कसं म्हटलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तिने बॅग उचलली आणि दोन पायऱ्या उतरली.

मामा माझ्याकडे वळले. त्यांना राहवलं नसणार, नाहीतर त्या वेळी कुणी असलं विचारत नाही. "ताई, अडतिसावी?"

"मिळालं तिला," मी म्हटलं. "सकाळी सात वाजता. सातला दहा कमी असतानाच उघडून बसली होती बहुतेक, लगेच घेतलं."

मामांचा चेहरा उजळला. तेवढ्यातही उजळला, हे मला सांगायलाच हवं.

मुलगी पायरीवर थांबली होती. "कोण अडतिसावी?"

"तिच्यासाठी काढली पुस्तकं," मामा म्हणाले. "परीक्षा आहे तिची परवा. तान्हं मूल आहे."

"ओळखीची आहे?"

"नाही. एकदा फोनवर बोलली. मी पाहिलेलं नाही तिला."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. "मला तर तुम्ही रोज बघत होतात, बाबा."

मामांनी पडद्याची घडी या हातातून त्या हातात घेतली. मुलगी वळून खाली उतरायला लागली. थोड्या वेळाने मामाही उतरले, कठड्याला धरून, एकेक पायरी.

आमच्या जिन्याचं खालचं दार जड आहे. हात सोडला की धाडकन आपटतं, वर खिडक्या थरथरतात. एकतीस वर्षं मामा वरून ओरडत आले, "दार धरा." मी उभी राहून त्या आवाजाची वाट बघत होते. तिची पावलं दारापर्यंत गेली, दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि मग काही नाही. मामांची पावलं सावकाश खाली पोचेपर्यंत तिने ते धरून ठेवलं होतं.